चहा कोणता, कुठून आणि कधी?

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकू येणारा हा संवाद. समोर चाळिशीतली बाई. चेहरा पांढुरका, जिना चढताना दम लागतो, दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही. हिमोग्लोबिन आठ. लोहाच्या गोळ्या तीन महिने चालू आहेत, पण आकडा जागचा हलत नाही.

‘‘ताई, गोळी रोज घेता ना?’’

‘‘रोज घेते डॉक्टर, एकही चुकवली नाही.’’

‘‘कशाबरोबर घेता?’’

‘‘चहाबरोबर. नुसत्या पाण्याबरोबर मळमळतं हो.’’

गोळी प्रामाणिकपणे घेतली जाते, पण तिच्यातले बरेचसे लोह रक्तापर्यंत पोहोचतच नाही. चहा त्याला वाटेतच अडवतो.

चहाविषयी लोक डॉक्टरांना जे विचारतात ते मात्र वेगळेच असते. कोणता चहा चांगला? काळा घ्यावा की हिरवा? सुटा बरा की पाकिटातला? हे प्रश्न योग्यच आहेत आणि त्यांची उत्तरेही आहेत. पण तब्येतीच्या दृष्टीने चहा कोणता, याहून तो कुठून आणला हे महत्त्वाचे आणि त्याहूनही महत्त्वाचे, तो कधी प्यायला हे.

सगळे एकाच झुडपाचे

काळा, हिरवा, पांढरा, उलुंग ही सगळी नावे एकाच झुडपाच्या पानांची आहेत. त्याचे शास्त्रीय नाव कॅमेलिया सायनेन्सिस. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. पान चुरगळून हवेत राहू दिले की त्यातील रसायनांची हवेतील प्राणवायूशी क्रिया होते, रंग तांबूस काळा होतो, चव कडक होते. हा काळा चहा. खुडल्याबरोबर वाफ किंवा उष्णता देऊन ही क्रिया थांबवली तर पान हिरवे राहते. तो ग्रीन टी. उलुंग या दोहोंच्या मधला.

आपल्या घरात बहुधा असतो तो दाणेदार चहा, ज्याला बाजारात सीटीसी म्हणतात. पान दातेरी रुळांमधून दाबून, फाडून, गोल वळवण्याची ही पद्धत 1930च्या दशकात आसामात निघाली. या दाण्यांना रंग लवकर सुटतो, चहा कडक होतो आणि दूध घातले तरी चव टिकते. आले-वेलची घालून उकळायच्या आपल्या चहाला हाच सोयीचा. दार्जिलिंग, कांगडा किंवा निलगिरीचा पानांचा चहा हलका आणि सुगंधी. तो उकळायचा नसतो. गरम पाण्यात तीन-चार मिनिटे ठेवून गाळायचा आणि शक्यतो दुधाविना प्यायचा. असा महागाचा चहा आणून दूध-साखरेत खळखळ उकळला, तर पैसेही जातात आणि सुगंधही.

ग्रीन टीबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. त्याने वजन झपाट्याने उतरत नाही. अभ्यासांत दिसलेला फरक अगदी किरकोळ आहे. एक-दोन कप प्यायला हरकत नाही, पण त्याच्या अर्काच्या कॅप्सूल वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नयेत. त्यांमुळे यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. आणि गवती चहा? नावात चहा असला तरी ते सुगंधी गवत आहे. त्यात कॅफीन नसते. त्यामुळे झोप न येणाऱ्यांनी रात्री चहाच्या पत्तीऐवजी नुसता गवती चहा उकळून घेतला तर चालतो.

घ्यावा कुठून?

चहाची पूड आपण किराणा दुकानातून, चहाच्या खास दुकानातून, मॉलमधून किंवा आठवडी बाजारातून घेतो. मळ्यातला बराचसा चहा लिलावात विकला जातो. कोलकात्यातला लिलाव 1861 पासून चालू आहे. गुवाहाटी, सिलिगुडी, कुन्नूर, कोची येथेही लिलाव होतात. तिथून तो मोठ्या कंपन्यांकडे आणि शहरोशहरीच्या व्यापाऱ्यांकडे जातो. जुन्या बाजारपेठेतल्या चहाच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे दोन-तीन प्रकारांचे मिश्रण करून देतात. कडकपणा हवा तर डस्ट जास्त, चव हवी तर मोठा दाणा जास्त. नाव असलेल्या, वर्षानुवर्षे चालू असलेल्या अशा दुकानातला सुटा चहा उत्तम असू शकतो.

भीती आहे ती बेनामी, फार स्वस्त सुट्या चहाची. हॉटेलांतून व टपऱ्यांवरून वापरून टाकलेला चोथा गोळा करायचा, वाळवायचा, त्याला रंग लावायचा आणि तो पुन्हा विकायचा, हा भेसळीचा जुना धंदा आहे. चोथ्यात सत्त्व उरलेले नसते, म्हणून गडदपणा आणायला कृत्रिम रंग लागतो. चहाच्या पुडीत असा रंग मिसळण्यास कायद्याने मनाई आहे. शिवाय हा चोथा कुठे, कसा वाळवला याचा पत्ता नसतो आणि त्याला बुरशी लागलेली असू शकते. नेहमीच्या भावापेक्षा निम्म्या दराने चहा मिळत असेल, तर तो निम्म्या दरात कसा परवडतो, हे गिऱ्हाइकाने स्वतःला विचारावे.

पाकीट घेताना चार गोष्टी पाहाव्यात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक, पॅक करणाऱ्याचे नाव व पत्ता, बॅच क्रमांक आणि तारीख. वेलची किंवा आल्याचा स्वाद वरून घातलेला असेल तर तसे पाकिटावर लिहिलेले असावे लागते. दार्जिलिंग चहा घेताना टी बोर्डाचे बोधचिन्ह पाहावे. दोन पाने आणि कळी हातात धरलेली स्त्री त्यावर असते. 2004 मध्ये दार्जिलिंग चहाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते भारतातले पहिले. त्या नावाने दुसरीकडचा चहा विकला जाऊ नये, हाच त्यामागचा हेतू.

महिनाभर पुरेल इतकाच चहा आणावा. हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून आणि गॅसच्या शेगडीपासून दूर ठेवावा. चहा आजूबाजूचा वास चटकन ओढून घेतो.

घरच्या घरी तपासणी

शंका असेल तर दोन सोप्या चाचण्या घरी करता येतात. पहिली रंगाची. गाळणकागदावर थोडी पूड पसरावी, वर पाण्याचे काही थेंब टाकावेत. थोड्या वेळाने पूड काढून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात धरून पाहावा. शुद्ध चहाचा डाग जवळपास उरत नाही. वापरलेल्या, रंगवलेल्या चहाचे काळपट तपकिरी डाग कागदावर राहतात. दुसरी चाचणी लोहचुंबकाची. काचेवर पूड पसरून त्यावरून चुंबक फिरवावे. यंत्राच्या रुळांची झीज होऊन आलेले एखाद-दुसरे कण चिकटू शकतात, पण चुंबकाला लोखंडाच्या किसाचा थर लागला तर तो चहा परत करावा. पोटात लोह गेले तर बरेच, असे कुणी म्हणू नये. तो किस रक्त वाढवत नाही.

या चाचण्या केवळ अंदाज देतात. खात्रीसाठी प्रयोगशाळाच लागते. संशय बळावला तर उरलेली पूड आणि पावती जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करावी.

वेळ चुकली की

आता मुख्य मुद्दा. चहा अस्सल आहे, चांगल्या दुकानातला आहे. तरीही तो जेवणाबरोबर घेतला तर नुकसान करू शकतो.

चहाला तुरटपणा देणारी जी द्रव्ये असतात, ज्यांना आपण टॅनिन म्हणतो, ती पोटात अन्नातील लोहाला घट्ट पकडतात. तयार होणारा संयुग विरघळत नाही, त्यामुळे आतड्यातून शोषला जात नाही आणि शौचावाटे निघून जातो. दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी 1975 मध्ये हे माणसांवरील प्रयोगांतून दाखवले. पाव, भात आणि बटाटा-कांद्याचे सूप अशा साध्या जेवणाबरोबर चहा दिला, तेव्हा लोहाचे शोषण घटले. लोहाच्या क्षारांच्या द्रावणाबाबतही तसेच झाले. शिजवलेल्या रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहावर मात्र परिणाम दिसला नाही. म्हणजे मटण खाणाऱ्यापेक्षा डाळ, भाकरी आणि पालेभाजीवर भिस्त असलेल्यांना या सवयीचा फटका अधिक.

दूध घातले म्हणजे टॅनिन निष्प्रभ होते, असे अनेकांना वाटते. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुधाने फारसा फरक पडला नाही. त्याच अभ्यासात पुदिन्याच्या काढ्यानेही लोहाचे शोषण काळ्या चहाइतकेच रोखले. टॅनिनसारखी द्रव्ये ग्रीन टीमध्येही भरपूर असतात. म्हणून चहाचा प्रकार बदलून ही अडचण सुटत नाही. वेळ बदलून सुटते. 2017 मध्ये ब्रिटनमधील स्त्रियांवर झालेल्या प्रयोगात चहा जेवणानंतर तासाभराने दिला, तेव्हा शोषणातील घट बरीच भरून निघाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांतही जेवणाच्या आधी व नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे.

आपल्याकडे हे का महत्त्वाचे? पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रिया त्यात येतात. आणि आपली सकाळ कशी असते? चहा-चपाती. शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हातातही चहा-खारी. पोह्यांवर लिंबू पिळायचे, लिंबातील क जीवनसत्त्वाने लोह शोषायला मदत करायची आणि पाठोपाठ चहाचा कप घेऊन ती मदत घालवायची.

अर्थात रक्तक्षयाचे सगळे खापर चहावर फोडणे चुकीचे ठरेल. पाळीतला जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, अपुरा आहार, जंत ही कारणे मोठी आहेत. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रियांत हिमोग्लोबिन घटले असेल, तर पोटात कुठे रक्तस्राव होतो का, हे तपासलेच पाहिजे. तिथे चहा बंद करून वाट पाहत बसणे धोक्याचे. आणि ज्यांचे रक्त उत्तम आहे, आहार चौफेर आहे, त्यांनी जेवणानंतरच्या एखाद्या कपाची धास्ती घेण्याचे कारण नाही. सांभाळायचे आहे ते गरोदर स्त्रियांनी, वयात येणाऱ्या मुलींनी, लहान मुलांनी आणि लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या प्रत्येकाने.

मग करायचे काय?

चहा सोडायचा नाही, सरकवायचा आहे. सकाळी उठल्यावरचा चहा आणि न्याहारी यांत तासाचे अंतर ठेवावे. दुपारी जेवल्याबरोबर नको, चारचा चहा खुशाल घ्यावा. मुलांना चहा-चपातीऐवजी दूध-चपाती, गूळ-तूप-चपाती किंवा भाजी-चपाती द्यावी. दिवसाला दोन-तीन कप पुरेत. प्रत्येक कपात दोन चमचे साखर धरली तर पाच कपांतून जवळपास 50 ग्रॅम साखर पोटात जाते, हेही मधुमेहाच्या या काळात विसरू नये. आणि चहा वाफाळता असला तरी घशाला चटका बसेल इतका कढत पिऊ नये. 65 अंशांहून अधिक तापमानाची पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटले आहे.

लोहाची गोळी पाण्याबरोबर किंवा लिंबूपाण्याबरोबर घ्यावी. मळमळ होत असेल तर ती जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेतली तरी चालते. रिकाम्या पोटी शोषण थोडे जास्त होते खरे, पण मळमळीमुळे बंद पडलेल्या गोळीपेक्षा जेवणानंतर घेतलेली गोळी कधीही बरी. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनीही ती सकाळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर किमान अर्धा-पाऊण तास चहाला हात लावू नये.

बाह्यरुग्ण विभागातल्या त्या ताईंना डॉक्टर नवी, महागडी गोळी लिहून देत नाहीत. तीच लाल गोळी, रात्रीच्या जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर. महिन्याने पुन्हा रक्त तपासायचे आणि आकडा तरीही हलला नाही, तर पुढचे कारण शोधायचे. ताई केसपेपर घडी करतात आणि दारातून वळून विचारतात, ‘‘म्हणजे चहा बंद नाही ना?’’

‘‘बंद नाही. फक्त गोळीची आणि त्याची गाठ पडू देऊ नका.’’