गळणाऱ्या तेलाचा माग

बंगळूरच्या पूर्वेस, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या धावपट्टीपलीकडे, मारतहळ्ळी हे एके काळचे खेडे आहे. आज तेथील रस्त्यावर वाहनांची रीघ लागलेली असते. त्या गर्दीतून एखादी जुनी फोक्सवॅगन व्हॅन जवळच्या गॅरेजात आली आणि उभी राहताच तिच्याखाली तेलाचे काळे ठिपके पडू लागले, असे समजू. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांवर हात बसलेला कारागीर अशा वेळी बुचकळ्यात पडतो, आणि त्याचा तर्क चुकला तर मालकाला तो फार महाग पडतो.

१९५० साली निघालेल्या या व्हॅनचे इंजिन पाठीमागे असून त्याचे चार सिलिंडर दोहो बाजूंस आडवे पसरलेले असतात. रेडिएटर नाही, पंख्याचा वारा आणि वंगणाचे तेल या दोघांनीच उष्णता वाहून न्यावयाची. उभ्या पंख्याच्या जातीच्या इंजिनात हे तेल अवघे अडीच लिटर मावते. त्यातले लिटरभर गळून गेले, म्हणजे वंगणाबरोबर थंडाव्याचाही मोठा वाटा गेला.

इंजिनाचा तळ सर्वत्र माखलेला दिसला, की पहिला संशय तळाच्या जाळीच्या झाकणावर जातो. हा संशय बहुधा अन्यायाचा असतो. वरून गळलेले तेल खालीच येणार, आणि गाडी धावताना वारा ते मागे पसरविणार! म्हणून इंजिन आधी स्वच्छ धुवावे, वाळवावे, थोडे अंतर चालवून आणावे आणि मग सर्वांत वरची व सर्वांत पुढची ओली जागा शोधावी. ठिपका कोठे पडला, याला त्यामानाने महत्त्व कमी.

गळतीची वेळही बोलकी असते. ऑईल कूलर किंवा तेलाच्या दाबाचा स्विच यांत तेल दाबाखाली असते. तेथील गळती इंजिन चालू असताना वाढते. कूलर पंख्याच्या कवचात, डाव्या सिलिंडरांच्या वर दडलेला असल्याने तेथले तेल वाऱ्याने उडून भलतीकडेच प्रकट होते. याउलट सिलिंडरांखालील आठ पुशरॉड नळ्यांतून तेल नुसते परत वाहते. त्यांची सीले कडक झाली, म्हणजे इंजिन बंद केल्यावरही काही वेळ ठिबक चालते. रॉकरच्या झाकणाचे बुचाचे गॅस्केट असेच. पण ते बदलणे घटकाभराचे काम.

खरी कसोटी इंजिन व गियरबॉक्स यांच्या सांध्याशी लागते. तेथून पडणारे तेल दाट व गंधकासारख्या वासाचे असेल, तर ते गियरबॉक्सचे; इंजिनाचे असल्यास फ्लायव्हीलमागील सीलावर संशय घ्यावा. ते बदलण्यास सबंध इंजिन खाली उतरवावे लागते. तेव्हा वरच्या जागा निर्दोष ठरल्याखेरीज पान्हा उचलू नये.

दुसऱ्या टोकाला, पुलीपाशी, या इंजिनात रबरी सीलच नसते. पुलीवरील मळसूत्री खाच तेल आत लोटते. तेथे तेल दिसले, तर इंजिन सावकाश चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढून पाहावे. जोराने वाफारे येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा झिजून आत दाब साठत असण्याचा संभव असतो, आणि मग कितीही सीले बदलली, तरी तेल पुन्हा वाट काढते.