ह्यूम नळ व त्याचा कारखाना

पेण गांवालगत मुंबई-गोवा रस्त्यावर रामवाडी आहे. तेथून रोह्याच्या बाजूस जाणाऱ्यास वाटेंत ओढ्या-नाल्यांवर अनेक लहान मोऱ्या लागतात. त्यांपैकीं जुन्या दगडी कमानीच्या थोड्या. पुष्कळांत काँक्रीटचे गोल नळ घातलेले आढळतात. हे नळ कसले, असें गवंड्यास, मुकादमास अगर शेतकऱ्यास विचारावें, तर उत्तर एकच मिळतें : 'ह्यूम पाइप'. हा शब्द मराठींत इतका रुळला आहे कीं, तें कोणा माणसाचें आडनांव आहे हें बोलणाराच्या ध्यानींमनींही नसतें. काँग्रेसच्या स्थापनेंत प्रमुख भाग घेणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचा या नळाशीं कांहींएक संबंध नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

ताम्रपट, सनदा व शिलालेख यांच्या शोधांत असणाऱ्या आमच्या वर्गास मोरीचा नळ हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु नळाचें शास्त्र आपल्या इतिहासास परकें नाहीं. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत मलिकंबरानें खडकीस, म्हणजे पुढील औरंगाबादेस, नहर आणली; अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं कात्रजच्या तलावांतून पुण्यास पाणी आणलें. त्या कात्रजच्या नळावर ठिकठिकाणीं उभारलेले 'उच्छ्वास' जुन्या पुणेकरांस ठाऊक होतेच. बांधीव पाट व खापरी नळ हीं त्या काळचीं साधनें. खापरी नळ हा आंखूड असतो, त्यामुळें सांधे फार होतात. आणि वरून भार आला कीं तो तडकतो. बिडाचे नळ मजबूत खरे, पण मोठ्या व्यासाच्या बिडाच्या नळास पैसा फार पडे. या दोहोंच्या मधील जागा काँक्रीटच्या नळानें भरून काढली.

हा नळ करण्याची जी विशिष्ट रीति, ती ऑस्ट्रेलियांतील वॉल्टर रेजिनाल्ड ह्यूम (१८७३-१९४३) यांनीं सन १९१० मध्यें शोधून काढली. ते व त्यांचे बंधु लोखंडी कुंपणांचें काम करणारे कारागीर होते. विद्यापीठाची पदवी घेतलेले इंजिनियर नव्हते. रीति ऐकण्यास सोपी आहे. पोलादी सांचा आडवा ठेवून त्यांत सळ्यांचा पिंजरा बसवितात व सांचा रुळांवर वेगानें फिरवीत आंत काँक्रीट सोडतात. फिरण्याच्या जोरानें खडी, वाळू व सिमेंट बाहेर सांच्याच्या अंगास दाबून बसतात आणि जास्तीचें पाणी आंतल्या बाजूस येऊन निघून जातें. काँक्रीटमध्यें पाणी जितकें कमी राहील तितकीं छिद्रें कमी व घट्टपणा अधिक. म्हणून हातानें ठासून भरलेल्या नळापेक्षां हा फिरविलेला नळ सरस ठरला. नंतर तो कित्येक दिवस ओला ठेवून मुरवावा लागतो. घाई केली तर वरून दिसण्यांत फरक पडत नाहीं, फरक पुढें पडतो.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे, आणि माझ्या मतें या वस्तूच्या सगळ्या इतिहासाची किल्ली तिच्यांतच आहे. हा नळ अतिशय जड असतो. ९०० मिलिमीटर आंतला व्यास, १०० मिलिमीटर जाडी व अडीच मीटर लांबी असा रस्त्याच्या कामाचा एक नळ घेतला, तर त्याचें वजन दोन टनांच्या घरांत जातें. अशी वस्तु गलबतांतून समुद्रापार पाठविणें परवडणारें नव्हे. आगगाडीनें शेंकडों कोस नेणेंही नव्हे. म्हणून ऑस्ट्रेलियाहून माल येण्याऐवजीं रीति आली. नळ करावयाचा तो जेथें पुरावयाचा त्याच्या आसपास. अर्थात् त्यास स्थानिक भांडवल हवें, स्थानिक सिमेंट हवें आणि कंत्राटाच्या कामाचा अनुभव असलेला माणूस हवा. सिमेंटची सोय होऊं लागली होती. पोरबंदर येथील कारखान्याचें सिमेंट सन १९१४ पासून निघूं लागलें होतें.

माणूस मिळाला तो सोलापूरचा. शेठ वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं, पूर्वीं रेल्वेंत कारकून असलेले लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागींत रेल्वेच्या कंत्राटांस सुरुवात केली. त्यांचें नांव लोकांस विशेष ठाऊक आहे तें सन १९१९ च्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीमुळें, किंवा पुढील काळांतील विमानांच्या व मोटारींच्या कारखान्यांमुळें. त्या मानानें सन १९२६ मध्यें त्यांनीं मुंबईस काढलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी मागें पडते. जहाजाच्या जलावतरणास समारंभ होतो. नळ जमिनींत पुरला कीं संपलें. तथापि त्याच सालची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी व ही नळाची कंपनी यांचा एकत्र विचार केला म्हणजे वालचंदांची दृष्टि कळते. बांधकामाचें कंत्राट घ्यावयाचें आणि त्यास लागणारी वस्तुही आपल्याच देशांत करावयाची, असा तो हिशेब दिसतो. कंपनीची कचेरी बॅलार्ड इस्टेटमधील कन्स्ट्रक्शन हाउसमध्यें असून, देशांत निरनिराळ्या ठिकाणीं तिचे कारखाने झाले. पुढें ती नुसते नळ न विकतां पाणीपुरवठ्याच्या संपूर्ण योजनांचीं कामें घेऊं लागली, आणि रेल्वेचे काँक्रीटचे स्लीपरही करूं लागली.

वस्तु यशस्वी झाली कीं तिच्या नांवावरची मालकी सुटते. इतर अनेक कारखानदार तशाच रीतीनें नळ करूं लागले, आणि त्या सर्वांच्या मालास लोक 'ह्यूम पाइप'च म्हणूं लागले. म्हणून एखाद्या जुन्या अंदाजपत्रकांत वा ग्रामपंचायतीच्या ठरावांत हा शब्द आला, एवढ्यावरून तो माल इंडियन ह्यूम कंपनीचाच होता असें अनुमान काढणें चुकीचें होईल. उलट कालनिर्णयास या नळाचा उपयोग आहे. ज्या मोरींत असा फिरवून केलेला नळ मुळापासून आहे, ती १९१० च्या पूर्वींची असूं शकत नाहीं. आपल्या इकडे तर ही मर्यादा आणखी अलीकडे ओढावी लागते. मात्र दगडी मोरी ढासळल्यावर तिच्याच पोटांत मागाहून नळ सरकविलेला असूं शकतो. तेव्हां नळाभोंवतींचें बांधकाम व त्यावरील भराव तपासल्याखेरीज निर्णय देऊं नये. नळावर एन्.पी. हीं अक्षरें व पुढें आंकडा असल्यास तो भारतीय मानक ४५८ प्रमाणें केलेला समजावा. तें मानक प्रथम सन १९५६ मध्यें निघालें, एन्.पी. म्हणजे पाण्याचा दाब न सोसणारा, नुसता वाहून नेणारा नळ, व आंकडा भार सोसण्याचा वर्ग दाखवितो.

पेण-रोहे भागांत आणखी एक प्रश्न उत्पन्न होतो, तो खाऱ्या पाण्याचा. येथील खारेपाटांत भरतीचें पाणी शेतांत येऊं नये म्हणून बांध घातलेले असतात आणि पावसाचें पाणी ओहोटीस बाहेर सोडण्यासाठीं त्यांत उघाड्या ठेवतात. मुंबई खारजमीन कायदा सन १९४८ मध्यें झाला व ही बंदिस्ती सरकारी योजनेच्या कक्षेंत आली. पुढें उघाड्यांतही काँक्रीटचे नळ पडूं लागले. सिमेंटच्या अंगच्या क्षारधर्मामुळें आंतील सळी एरव्हीं गंजत नाहीं. परंतु मिठाचा अंश काँक्रीटमधून मुरत सळीपर्यंत पोंचला कीं तें संरक्षण सुटतें. गंजलेली सळी फुगते व वरचा थर फुटून पडतो. त्यांतही आलटून पालटून भिजणारा व वाळणारा भाग आधीं जातो. नळ गेला कीं त्याच्या कडेनें पाणी झिरपूं लागतें, बांधाची माती वाहते आणि खांड पडते. एकदां खारें पाणी शिरलें म्हणजे त्या खाचरांत पुन्हां भात पिकण्यास पुष्कळ पावसाळे जावे लागतात. नळ मुरविण्यांत कारखानदारानें वांचविलेले चार दिवस अशा रीतीनें शेतकऱ्याच्या पदरीं पडतात.

खारबंदिस्तीचे जुने ठराव, मोऱ्या-उघाड्यांचीं बिलें अगर नळाच्या खरेदीच्या पावत्या पेण व रोहे तालुक्यांतील कोणा गृहस्थांच्या दप्तरांत असतील, तर त्या रद्दींत न घालतां त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या. मोरी पाडण्यापूर्वीं तिच्या नळाचा व्यास, जाडी व त्यावरील अक्षरें टिपून ठेविलीं तरीही पुष्कळ काम होईल.