दुबळ्याला आधी बसवून बलवानाचे माप

दोन रेणू एकमेकांना बिलगतात तेव्हा थोडी उष्णता बाहेर पडते किंवा शोषली जाते. ती मोजणाऱ्या यंत्राला आयसोथर्मल टायट्रेशन कॅलरीमीटर म्हणतात. त्यात एकाच तापमानाच्या दोन लहान कुप्या असतात. एकीत नुसते पाणी, दुसरीत प्रथिन. प्रथिनात औषधाचा थेंब सोडला की तापमान किंचित हलते, आणि ते पूर्ववत राखायला किती वीज कमी-जास्त लागली हे यंत्र टिपते. थेंबामागून थेंब पडतात, रिकाम्या जागा भरत येतात, उष्णता ओसरत जाते. त्या उतारावरून ओढ किती घट्ट ते कळते.

ओढ फारच घट्ट असली, की पंचाईत होते. पडेल तो रेणू चिकटतोच. उष्णता शेवटपर्यंत तेवढीच राहते आणि जागा संपताच एकदम थांबते. उतार जाऊन कडा उरतो. चिकटण्याची उष्णता समजते, ओढ समजत नाही. आणि वैद्यकाला तर नेमके असेच रेणू हवे असतात!

तोड साधी आहे. जागेवर आधी एखादा दुबळा रेणू बसवायचा, मग बलवान सोडायचा. दुबळ्याला उठवून बसावे लागल्याने बलवानाची ओढ कमी भासते, आणि किती कमी याचा हिशेब मांडता येतो. दुबळ्याचा वियोग-स्थिरांक 1 मायक्रोमोलर आणि त्याचे मोकळे प्रमाण 200 मायक्रोमोलर असेल, तर ओढ 201 पट घटते. 0.1 नॅनोमोलरचा बलवान मग सुमारे 20 नॅनोमोलरचा दिसतो, आणि हे यंत्राच्या आवाक्यात आहे. दिसलेल्या आकड्याला 201 ने भागले की खरा आकडा हाती येतो. मात्र दुबळ्याची ओढ आणि उष्णता आधी स्वतंत्रपणे, काटेकोर मोजलेली हवी. तिथली चूक थेट उत्तरात उतरते.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अर्नेस्टो फ्रायर यांच्या प्रयोगशाळेने एचआयव्हीच्या प्रोटिएझ या विकरावर हीच युक्ती वापरली. दुबळा होता असेटिल-पेप्स्टॅटिन. तो चिकटताना उष्णता शोषतो, म्हणून उठताना ती बाहेर पडते आणि नोंद अधिकच ठळक होते. त्या मोजणीत इंडिनाविर, साक्विनाविर ही आरंभीची औषधे चिकटताना उष्णता शोषतात असे दिसले. त्यांची ओढ मुख्यत्वे पाण्यापासून दूर पळण्याची, म्हणजे एन्ट्रॉपीची होती. असे ताठर रेणू विकराच्या आकारात घट्ट बसतात. पण विषाणूने तो आकार जरा बदलला की त्यांची पकड ढिली पडते, असे फ्रायर यांचे म्हणणे. 2006 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले दारुनाविर मात्र चिकटताना भरपूर उष्णता सोडते, आणि जुन्या औषधांना न जुमानणाऱ्या अनेक विषाणूंवरही ते चालते.