खाड्याची मजुरी आणि कबड्डीचा हंगाम



पाडवा जवळ आला की आपल्याकडे सालगड्यांची साले ठरतात. मालक एक आकडा सांगतो, गडी दुसरा सांगतो, मध्ये एखादा जाणता माणूस पडतो आणि वर्षाचा सौदा पक्का होतो. त्या सौद्यात खाड्याची गोष्ट असतेच. गडी आजारी पडला, लग्नकार्याला गेला, तर खाडा धरला जातो आणि तेवढी रक्कम सालातून वजा होते. आजच्या विषयाचे नाव ‘व्यावसायिक खेळ’ असे भारदस्त आहे. पण त्याचा जन्म खाड्याच्या भांडणातून झालेला आहे. म्हणून आरंभ तेथूनच करावयाचा.

हे भांडण झाले इंग्लंडात. त्या देशाच्या उत्तर भागात, यॉर्कशायर व लँकेशायर या प्रांतांत, कापडाच्या गिरण्या आणि कोळशाच्या खाणी होत्या. तेथला मजूर रग्बी मोठ्या आवडीने खेळे. रग्बी म्हणजे लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या माणसांच्या भिंतीत घुसण्याचा खेळ. सामने शनिवारी होत, आणि शनिवारी दुपारपर्यंत गिरणी चालू असे. परगावी सामना असला की मजुराचा खाडा होई. उत्तरेकडील क्लबांचे म्हणणे एवढेच होते, की आम्ही खेळाडूला पगार देत नाही, बुडालेली मजुरी तेवढी भरून देतो. खेळाची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या सुखवस्तू मंडळींना ही मागणी विटाळासारखी वाटली. खेळ हा पैशासाठी नसतो, असे ते म्हणत. ज्याच्या घरी दाणागोटा भरलेला आहे त्याला असे म्हणणे सोपे जाते. १८९३ साली लंडनच्या सभेत ही मागणी फेटाळली गेली. पुढे २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात उत्तरेचे क्लब जमले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. खाड्याची भरपाई दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत देण्याचे ठरले. या फुटीतून जो खेळ वाढला त्याला आज रग्बी लीग म्हणतात. १९०६ साली त्याने पंधराऐवजी तेरा खेळाडू केले. १९९६ पासून त्याची सर्वांत वरची स्पर्धा ‘सुपर लीग’ या नावाने, हिवाळ्याऐवजी उन्हाळ्यात भरते.

त्यांनी केलेल्या आणखी एका नियमाकडे आपले लक्ष वेधतो. १८९८ साली त्यांनी खेळाडूला उघड पैसे देण्यास मोकळीक दिली, पण अट घातली, की त्याला दुसरी प्रामाणिक नोकरी असली पाहिजे. नोकरी सुटली तर खेळताही येणार नाही. हा नियम इंग्लंडात काही वर्षांत गेला. आपल्या कबड्डीत मात्र तसा नियम कोणी लिहिला नसतानाही तो अनेक दशके चालला.

रग्बी लीग आणि कबड्डी यांचे नाते वरवरचे नाही. दोन्हींत मूळ क्रिया एकच: एकाने शत्रूच्या हद्दीत घुसावे आणि इतरांनी त्याला धरून खाली आणावे. फरक इतकाच की कबड्डीत चेंडू नाही. चढाई करणारा माणूस हाच चेंडू. आपल्याकडे हुतूतू म्हणून हा खेळ गावोगाव चालत होताच. त्याला नियमांत बसविण्याचे काम महाराष्ट्रातील व्यायामप्रेमींनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केले. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला स्थान मिळाले. पण या सर्व काळात खेळाडूचे पोट कशावर चाले? नोकरीवर. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या, मोटारीचे कारखाने चांगल्या खेळाडूला कामावर घेत आणि सामन्यांच्या दिवशी हजेरी लावून सुट्टी देत. महाराष्ट्रातील स्पर्धांत अशा कंपन्यांच्या संघांचा गट वेगळा असतो, आणि गंमत म्हणजे त्यालाच ‘व्यावसायिक गट’ म्हणतात. तेथे खेळ हा व्यवसाय नव्हे. व्यवसाय दुसरा असतो आणि खेळ त्याच्या आश्रयाने राहतो.

२६ जुलै २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे गणित बदलले. आरंभी आठ संघ होते, २०१७ पासून बारा झाले. त्यांत महाराष्ट्राचे दोन: मुंबईचा यू मुंबा आणि पुण्याचा पुणेरी पलटण. यू मुंबाने दुसऱ्याच हंगामात, २०१५ मध्ये, विजेतेपद मिळविले. पुणेरी पलटण मात्र पहिल्या दोन्ही हंगामांत तळाशी, आठांत आठवा. हाच संघ १ मार्च २०२४ रोजी विजेता झाला. त्याचा तो दहावा हंगाम आज उलगडून पाहावयाचा आहे. कारण एका संघाचे एक वर्ष नीट समजले तर व्यावसायिक खेळाचे बरेच यंत्र समजते.

हंगाम मैदानावर सुरू होत नाही, तो लिलावात सुरू होतो. आपल्याकडील जुनी माणसे ज्याला हर्रास म्हणतात, तोच हा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत तो झाला. प्रत्येक संघाच्या थैलीत खर्चासाठी पाच कोटी रुपये, त्यापलीकडे एक पैही नाही. इंग्लंडच्या सुपर लीगमध्येही असाच पगाराचा कमाल आकडा असतो. हेतू हा, की एकाच धनिकाने सारे चांगले खेळाडू उचलू नयेत. खेळाडूंचे चार वर्ग, आणि बोलीचा आरंभ वरच्या वर्गात ३० लाखांपासून तर खालच्या वर्गात ९ लाखांपासून. पुण्याने इराणच्या मोहम्मदरेझा शादलू याच्यासाठी २ कोटी ३५ लाख मोजले. म्हणजे जवळजवळ अर्धी थैली एकाच माणसावर रिकामी केली! लातूरच्या आडतीत अशी खरेदी करणाऱ्याला चार शहाणे बाजूला घेऊन समजावतील. पण पुण्याचा हिशेब वेगळा होता. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही मंडळी तरुण होती, पलटणीतच वाढलेली होती, आणि म्हणून संघाला ती मोठ्या बोलीशिवाय राखता आली होती. घरचे धान्य कोठीत असले म्हणजे बाजारात एका वस्तूवर हात मोकळा सोडता येतो. कर्णधार अस्लम हा श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानचा. प्रशिक्षक बी. सी. रमेश, २०१९ मध्ये बंगालच्या संघाला विजेतेपद मिळवून दिले ते हेच.

२ डिसेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत स्पर्धा सुरू झाली आणि बारा शहरांतून फिरत २१ फेब्रुवारीपर्यंत साखळी सामने चालले. प्रत्येक संघ इतर अकरांशी दोनदा, म्हणजे एकूण २२ सामने. ८२ दिवसांत २२ सामने, आणि त्यांत आगगाडी, विमान, नवे गाव, नवे अन्न. दर चौथ्या दिवशी अंगावर सात-सात माणसे घेणाऱ्या शरीराची कल्पना करा.

गुणांची पद्धत त्या हंगामात अशी होती: विजयाला ५ गुण, बरोबरीला ३, पराभवाला शून्य, पण पराभव सात किंवा त्याहून कमी फरकाने झाला तर सांत्वनाचा १. पुण्याने १७ सामने जिंकले, ३ बरोबरीत सोडविले, २ गमावले. सतरा पंचे पंच्याऐंशी आणि तीन त्रिक नऊ, मिळून ९४. तक्त्यात मात्र त्यांच्या नावापुढे ९६ आहेत. वरचे दोन आले कोठून? दोन्ही पराभवांतून. म्हणजे साऱ्या हंगामात हा संघ एकदाही सातांहून अधिक फरकाने हरला नाही. मला त्या सतरा विजयांपेक्षा हे दोन गुण अधिक बोलके वाटतात. दुसऱ्या क्रमांकावरील जयपूरचे ९२ होते. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत जात आणि पुढच्या चारांना आधी आपसांत झुंजावे लागे, म्हणून पहिल्या दोहोंत येण्याला मोल. २०२५ च्या हंगामात ही पद्धत बदलून विजयाला दोन गुण केले व सांत्वनाचा गुण काढून टाकला. मला तो बदल रुचला नाही. हरत असतानाही शेवटच्या मिनिटाला जीव तोडून खेळण्याचे कारणच त्यात गेले.

उपांत्य आणि अंतिम सामने झाले हैदराबादेत, गचिबावलीच्या बंदिस्त मैदानावर. नांदेडकरांना पुण्यापेक्षा हैदराबाद जवळचे, हे येथे सांगावयास नकोच. उपांत्य सामन्यात पुण्याने पाटण्याला ३७-२१ असे सहज हरविले. अंतिम सामना हरियाणाशी. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, चढाई तीस सेकंदांची. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या तर तिसरी ‘करो वा मरो’ची: गुण आणा, नाही तर बाहेर बसा. बचावात तीन किंवा कमी माणसे उरली असता त्यांनी पकड केली तर एकाऐवजी दोन गुण. या नियमामुळे मागे पडलेला संघही धोकादायक राहतो. पहिल्या डावात पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले. मध्यंतराला पुणे १३-१० असे पुढे होते आणि अखेरीस २८-२५ असे जिंकले. तीन गुणांचा फरक, आणि बक्षीस तीन कोटी विरुद्ध एक कोटी ऐंशी लाख. शादलू त्या हंगामातील सर्वोत्कृष्ट बचावपटू ठरला आणि अस्लम सर्वांत मौल्यवान खेळाडू.

येथे गोष्ट संपली असती तर ती वर्तमानपत्राच्या खेळपानाची होती. आपल्याला पुढचे पान पाहावयाचे आहे.

पुढच्याच लिलावाआधी पुण्याने शादलूला मोकळे केले. हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. तो आला आणि हरियाणा विजेता झाला, तेही २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडीत! पलटण त्या वर्षी आठव्या स्थानावर घसरली, कारण हंगामाच्या मध्यावर अस्लमच्या गुडघ्याने दगा दिला आणि त्याला उरलेल्या सामन्यांना मुकावे लागले. सर्वांत मौल्यवान खेळाडू आणि जायबंदी खेळाडू यांत नऊ महिन्यांचे अंतर होते. तो पुन्हा उभा राहिला. २०२५ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पुणे अंतिम सामन्यात गेले व ३१ ऑक्टोबरला दिल्लीकडून ३१-२८ असे हरले. परंतु प्रत्येक गुडघा असा परत येत नाही, आणि ज्याची बोली नऊ लाखांची त्याच्यासाठी थांबण्याची निकड संघाला तेवढी नसते.

सालगड्याला निदान मालकाचे तोंड पाहून हो की नाही म्हणता येते. लिलावात उभ्या असलेल्या खेळाडूला संघ निवडता येत नाही. जो अधिक बोलेल त्याचा तो. उलट हेही खरे, की २०१४ पूर्वी कबड्डीपटूला कोटी हा शब्द केवळ अंकगणितात भेटत असे. मी या व्यवस्थेची निंदा करावयास उभा नाही. खाड्याची मजुरी मागणाऱ्या गिरणी कामगाराच्या नातवंडांना ही व्यवस्था स्वप्नवत वाटली असती.

मुलींचे काय, हा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रो कबड्डीच्या चालकांनी २०१६ मध्ये तीन महिला संघांची एक स्पर्धा भरविली. ती पुढे चालू राहिली नाही. भारताच्या मुलींनी नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्यात विश्वचषक जिंकला. पण राष्ट्रीय स्पर्धांत वर्षानुवर्षे रेल्वेचा महिला संघ वरचढ राहतो तो का, हे पाहिले की उत्तर मिळते: मुलींना खाडा भरून देणारी नोकरी तेथे आहे. त्यांच्यासाठी इंग्लंडचा १८९८ चा नियम अजून चालूच आहे.

आता अगदी व्यवहाराचे. ज्या लातूरने शिकवणी आणि परीक्षा यांचे शास्त्र केले, तेथील एखाद्या बापाचा मुलगा उत्तम चढाई करतो आणि विचारतो, अकरावीला शिकवणी लावू की आखाड्यात जाऊ? आकडे असे आहेत. बारा संघ, एका संघात जास्तीत जास्त पंचवीस खेळाडू. सारा देश आणि वर इराणसारखे परदेश मिळून तीनशे जागा. वैद्यकीय प्रवेशाच्या जागा याहून कितीतरी पट अधिक आहेत. दुसऱ्या बाजूला, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतील प्रावीण्याचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते. तेव्हा गावच्या जत्रेतील ढाल घरात शोभेला असू द्यावी, पण जिल्हा संघटनेच्या निवड चाचणीची तारीख चुकवू नये, कारण राज्य स्पर्धेची वाट तेथूनच जाते. बारावी सोडू नये. आणि कोणी करारनामा पुढे केलाच, तर रकमेचा आकडा शेवटी वाचावा. आधी पाहावे की दुखापत झाल्यास शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, खेळ बंद असलेल्या दिवसांचे पैसे मिळणार की कापले जाणार, आणि संघाने मोकळे केले तर किती दिवस आधी कळविणार.