उतारवयातील मद्यासक्ती आणि वयोचित उपचार

मराठीच्या अध्यापकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर साहित्यातच आहे. राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला' या नाटकाचा पहिला प्रयोग १९१९ साली आपल्याच बडोद्यात झाला. तेव्हापासून मद्यपी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सुधाकर उभा राहतो : तरुण, बुद्धिमान, वकिली आणि संसार दोन्ही गमावणारा. निवृत्तीनंतर घरात मुकाट्याने पिणारा सत्तरीचा गृहस्थ या चित्रात बसत नाही. त्याची नोकरी जाण्याचा प्रश्न नसतो, चारचौघांत शोभा होत नाही. म्हणून त्याचा आजारही कोणाच्या लक्षात येत नाही.

असे वृद्ध दोन प्रकारचे असतात. काहींचे व्यसन तरुणपणापासूनचे असते. काहींचे मात्र साठीनंतर, निवृत्ती, जोडीदाराचा वियोग, निद्रानाश किंवा एकटेपणा यांतून सुरू होते. वयानुसार शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते. त्यामुळे पूर्वीइतकेच मद्य घेतले तरी रक्तातील त्याचे प्रमाण अधिक होते. झोपेच्या, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. तोल जाणे, विसर पडणे, भूक मंदावणे ही लक्षणे आपण वार्धक्याच्या खाती टाकून मोकळे होतो.

उपचारांचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. रोज पिणाऱ्या वृद्धाचे मद्य घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. कंप, भ्रम, क्वचित झटके येऊन जिवावर बेतू शकते. हे काम वैद्यकीय देखरेखीखाली व्हावे. औषधांची मात्राही वय पाहूनच ठरवावी लागते.

पुढचा भाग समुपदेशनाचा. कठोर शब्दांत जाब विचारण्याची पद्धत वृद्धांच्या बाबतीत बहुधा उलटते. आधीच शरमलेला माणूस अधिकच मिटून जातो. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या शासकीय मार्गदर्शिकेने समवयस्कांचे गट, सावकाश गती, आदराची वागणूक, शोक आणि एकाकीपणा यांवर भर, तसेच तुटलेले स्नेहसंबंध पुन्हा जोडणे, या गोष्टींची शिफारस केली. बैठक दिवसा ठेवणे, मजकूर ठळक अक्षरांत देणे, सर्वांना ऐकू जाईल असे बोलणे, या बाबी किरकोळ वाटल्या तरी त्यांवाचून वृद्ध तेथे टिकत नाही.

"आता या वयात काय सुटणार?" हा आपल्याकडील ठरलेला उद्गार. वस्तुस्थिती निराळी आहे. विस्कॉन्सिन राज्यात ६५ वर्षांवरील १५८ व्यक्तींचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांच्याशी डॉक्टरांनी केवळ दोन वेळा, दहा-पंधरा मिनिटे समजुतीने संवाद साधला, त्यांचे मद्यपान वर्षभरानंतरही सुमारे एकतृतीयांशाने कमी राहिलेले आढळले.

आपल्या राज्यात दारूबंदी आहे. त्यामुळे घरातली ही गोष्ट डॉक्टरांना सांगतानाही जीभ अडखळते. तरीही ती सांगावी. परगावी असलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे : वडीलधाऱ्यांच्या प्रकृतीची चौकशी करताना गोळ्यांची जशी विचारपूस करता, तशीच याचीही करा, पण ती दोष देण्याच्या स्वरात नको. वय झाले म्हणून माणसावरील उपचारांची आशा सोडणे, हा त्याच्यावर अन्याय आहे.