अत्तराची कुपी, सेंटची बाटली आणि टक्क्यांचा हिशेब

औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून, जवळजवळ बसतच खाली उतरावे लागते आणि खाली एका वेळी मोजकीच माणसे मावतात. महाशिवरात्रीला किंवा श्रावणी सोमवारी तिथे बेल-फुलांच्या, ओल्या दगडाच्या आणि घामाच्या वासात भाविकांच्या अंगावरच्या सेंटची भर पडते. बाहेरच्या रांगेत छान वाटणारा तोच वास खाली गेल्यावर डोक्यात जातो. कुणाला ठसका लागतो, कुणाची अर्धशिशी उठते, दम्याच्या माणसाची छाती भरून येते.

यात बाटलीचा दोष असतोच असे नाही. वास म्हणजे हवेत उडालेले सूक्ष्म कण. मोकळ्यावर ते पांगतात, कोंदट जागेत साचतात. सुगंध किती तीव्र लागेल हे तीन गोष्टींवर ठरते: बाटलीत सुगंधी तेल किती, आपण लावले किती आणि उभे कुठे आहोत. लेबल यातली फक्त पहिलीच गोष्ट सांगते, तीही आडून.

बहुतेक परफ्यूममध्ये सुगंधी तेल थोडे आणि अल्कोहोल फार असते. अंगावर मारल्यावर गार वाटते ते अल्कोहोल उडून जाते म्हणून. मागे राहते ते तेल. त्याच्या प्रमाणावरून नावे पडली आहेत. बॉडी मिस्टमध्ये ते साधारण १ ते ३ टक्के, कोलोनमध्ये २ ते ५, ‘ओ द त्वालेत’ म्हणजे ईडीटीमध्ये ५ ते १५, ‘ओ द पार्फां’ म्हणजे ईडीपीमध्ये १५ ते २० आणि नुसते ‘पार्फां’ किंवा ‘एक्स्ट्रे’ लिहिले असेल तर २० ते ३० टक्के. हे आकडे धंद्यातल्या रिवाजाचे आहेत, कायद्याचे नाहीत. एका कंपनीची ईडीटी दुसरीच्या ईडीपीच्या जवळ जाणारी निघू शकते.

तरी घेताना थोडा हिशेब करायला हरकत नाही. ८ टक्क्यांच्या १०० मिलि ईडीटीमध्ये ८ मिलि तेल असते. १६ टक्क्यांच्या ५० मिलि ईडीपीतही तेवढेच. तेव्हा मोठी बाटली स्वस्तात मिळाली म्हणून हरखून जाऊ नये, आणि ईडीपी महाग दिसते म्हणून ती लूटच आहे असेही समजू नये.

अत्तराची गोष्ट वेगळी. कनौजच्या जुन्या पद्धतीत फुले आणि पाणी तांब्याच्या देगेत तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते आणि तिथे ठेवलेल्या चंदनाच्या तेलात सुगंध मुरतो. अल्कोहोल नसते. म्हणून ते ‘सौम्य’ असते असा समज आहे, तो मात्र उलटा आहे. बाटलीचा एक फवारा साधारण ०.१ मिलि धरला, तर १५ टक्क्यांच्या ईडीपीतून कातडीवर ०.०१५ मिलि तेल येते. काही न मिसळलेल्या अत्तराचा एक थेंब साधारण ०.०५ मिलि, आणि तो सगळाच तेलाचा. म्हणजे एका थेंबात तीन फवाऱ्यांहून अधिक ऐवज. हळदीकुंकवाला मनगटावर अत्तराचा नुसता फाया टेकवायची आपली रीत या हिशेबात चोख बसते.

अर्थात हे अस्सल अत्तराचे झाले. चंदनतेल महागल्यापासून स्वस्त अत्तरांचा आधार बहुधा लिक्विड पॅराफिनसारखे तेल असते आणि सुगंध बव्हंशी प्रयोगशाळेतला. यात्रेत मिळणाऱ्या दहा-वीस रुपयांच्या कुपीत गुलाबाच्या पाकळीचा अंशही नसणार, हे धरूनच ती घ्यावी.

सुगंधाचे हे बारकावे मराठीला नवे नाहीत. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या सुगंध बनवण्यावरच्या जुन्या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. त्यातल्या ‘गंधवादा’वर चक्क मराठीत टीका लिहिलेली आहे. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी हे मराठीतून समजावून सांगत होते तर.

आता ऋतू. हिंगोली-परभणीकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या अंगावरून सुगंध भराभर उडतो, म्हणजे सुरुवातीला तो अंगावर येतो आणि लवकर संपतो. लिंबू-संत्र्याचे हलके वास आधी जातात, मग फुलांचे. चंदन, ऊद, कस्तुरीसारखे जड वास शेवटपर्यंत रेंगाळतात. वाळा, मोगरा, केवडा उन्हाळ्यात आणि हिना, शमामा, ऊद थंडीत, हा अत्तरवाल्यांचा जुना ठोकताळा त्यामुळे शास्त्राला धरूनच आहे. उन्हाळ्यात कोलोन किंवा ईडीटी बरी, गरज पडली तर दुपारी पुन्हा लावावी. कोरड्या कातडीवर वास टिकत नसेल तर आधी बिनवासाचे व्हॅसलीन किंचित चोळावे.

माझ्या मते खरी काळजी कातडीची घ्यावी. सुगंधी द्रव्ये हे स्पर्शातून होणाऱ्या अ‍ॅलर्जीचे एक प्रमुख कारण आहे, आणि ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. ‘नैसर्गिक’ या शब्दाने हुरळून जाऊ नये. लिंबूवर्गीय तेलातले लिमोनिन किंवा लॅव्हेंडरमधले लिनालूल हवेशी संयोग पावले की अधिक त्रासदायक होते. युरोपीय संघाने अशा २६ घटकांची नावे लेबलवर देणे सक्तीचे केले होते. २०२३ मध्ये ती यादी ८० च्या वर गेली. आपल्याकडच्या बाटलीवर बहुतेकदा नुसते ‘परफ्यूम’ एवढेच असते आणि त्या एका शब्दात डझनावारी रसायने दडलेली असतात.

बर्गमोट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलात ऊन लागल्यावर कातडी भाजवणारे घटक असतात. असे तेल मानेला लावून उन्हात फिरले तर ओघळाच्या आकाराचे तपकिरी डाग उठतात आणि कित्येक महिने जात नाहीत. दिवसभर रांगेत किंवा शेतात उभे राहायचे असेल तर सुगंध कपड्यालाच लावावा, तोही डाग पडत नाही ना हे आतल्या शिवणीवर बघून.

दुकानात तीन-चार वासांपेक्षा जास्त हुंगू नयेत, नाक थकते. आवडलेला एकच मनगटावर लावून बाहेर पडावे आणि तासाभराने ठरवावे, कारण पहिल्या पाच मिनिटांचा वास तो नव्हेच. विकत घेतल्यावर कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी दिवसातून दोनदा, सलग सात दिवस लावून पाहावे. खाज, लाली, पुरळ आले तर तो आपल्यासाठी नाही. आपलेच सेंट दहा-पंधरा मिनिटांत आपल्याला येईनासे होते. ते उडाले असे नाही, नाक त्याला सरावले. इथेच माणसे पुन्हा दोन फवारे मारतात आणि शेजारी बसलेल्याला ते भोगावे लागतात. बंद जागेत जायचे असेल, मग तो गाभारा असो, एसटी असो की दवाखाना, तर एक फवारा पुरे. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हे बाळ असेल तर तोही नको.

डिओच्या डब्यात बहुधा ज्वलनशील वायू असतो आणि परफ्यूममध्ये अल्कोहोल. देवघरातल्या समईजवळ किंवा पेटत्या गॅसपाशी ते मारू नये. अंगावर मारल्यावर दिवा लावायच्या आधी मिनिटभर थांबावे. बाटली खिडकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवली तर लवकर खराब होते. रंग गडद झाला आणि उघडताच आंबूस वास आला, तर कितीही महागाची असो, टाकून द्यावी.