चोर-अलार्मचा भोंगा उगाच वाजतोय? सदोष सेन्सर शोधताना

जयगडला शास्त्री नदी समुद्राला मिळते. इथली खारी हवा तारांच्या जोडांवर हिरवट थर चढवते. पावसात फुगलेलं लाकडी दार पुरतं मिटत नाही. मग दाराच्या सेन्सरचं चुंबक स्विचपासून लांब राहतं, सर्किट तुटतं आणि भोंगा वाजतो.

- दाराचा सेन्सर: चुंबक आणि रीड स्विच. स्विचचा शोध वॉल्टर एलवुड यांचा, बेल लॅब्ज, १९३६.
- पीआयआर (हालचालीचा सेन्सर): हलती उष्णता टिपतो. भिंगावरून सरकणारी पाल किंवा आत शिरलेले किडे त्याला हमखास फसवतात.
- झोन: एका सर्किटवरचे सेन्सर. अलार्मच्या पॅनेलवर आधी झोनचा क्रमांक पाहावा.
- मल्टिमीटर: दाराचा सेन्सर तारेपासून सोडवून मोजावा. नेहमीच्या प्रकारात चुंबक जवळ असताना रोध जवळपास शून्य, दूर नेल्यावर सर्किट खुलं. दोन्ही वेळा आकडा तोच, तर स्विच निकामी. आकडे बरोबर आले, तर तार आणि जोड तपासावेत.